मानेने धरलेलं बदक

"मानेनं? बदाक कुनी मानेनं धरतं व्हय?"

लिसबेत हसली आणि तिने हातातलं मेलेलं बदक सवयीने पायांना धरून उलटं केलं. "ह्ये असं धरत्यात. रगात डोस्क्यात उतरतं, मांस पांढरं ऱ्हातं. मानेनं धरलं की गिऱ्हाईक लगीच वळखतं, ह्या बाईला काय कळत न्हाई म्हनून."

गिलिसने कुंचला दातांत धरला होता म्हणून त्याला मोठ्याने हसता आलं नाही. हुब्रेख्त मास्तरांच्या चित्रशाळेत चेहरे काढायचं काम त्याचं. त्याने कुंचला तोंडातून काढला आणि जमेल तितक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "बाई, चित्रात मानेनंच धरायचं असतं. मुठीत. हां, अशी. जरा घट्ट. आणि समोर बघा, गिऱ्हाईक आल्यासारखं."

लिसबेतने खिडकीपाशी रंग खलत उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. "योस, आरं तू तरी सांग की ह्येला. गावात कुनी बगितलं तर काय म्हंतील? वीस वर्सं बदकं इकतीया, आन् धराया येत न्हाई?"

योसने मान वर केली नाही. "धर ना ताई तसंच," तो म्हणाला. "चित्रात तसं बरं दिसतं."

भाऊ म्हणाला म्हणून तिने धरलं. नाहीतर त्या बाईला बदक कसं धरायचं हे सांगायची सबंध अँटवर्पच्या बाजारात कुणाची छाती नव्हती.

योस ह्या चित्रशाळेत अकरा वर्षं कोबी काढत होता. बाजाराचं एक मोठं चित्र म्हणजे पाचसहा जणांचं काम. एक मासे काढी, एक फळं, एक इमारती, चेहरे गिलिस, आणि कोबी, मुळे, गाजरं योस. कोबीच्या पानावरची शीर तो अशी काढायचा की स्वयंपाकिणी चित्राला हात लावून बघत. सगळे त्याला कोबीयोस म्हणत. प्रेमाने म्हणत, असं तो स्वतःला सांगे. पण तेहतीस वर्षांच्या माणसाला भाजीच्या नावाने किती दिवस ओ द्यावीशी वाटणार? त्याला माणूस काढायचा होता. सबंध नाही तर नाही, निदान एक हात.

ते मास्तरांना ठाऊक होतं. वसंतात नव्या चित्राचा लाकडी फळा लावला तेव्हा ते म्हणाले, "योस, मला खरी बाजारातली बाई हवी. पाखरं विकणारी. हातावर काम दिसलं पाहिजे. आणलीस तर हात तू काढायचे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. योसच्या गावात, वेस्टडोंकला, पाखरू म्हणजे पाखरू. खुराड्यात असतं, अंडी घालतं, रविवारी शिजतं. शहरात त्या शब्दाला दुसरीही एक बाजू होती. पाखरं विकणारी म्हटलं की खानावळीतले पुरुष एकमेकांना कोपराने ढोसत. आणि बाजाराच्या चित्रात एखाद्या बाईच्या मुठीत पाखराची मान दिली की ती बाई आणखी काय विकते हे घेणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. शहरात आला त्या वर्षी योसला हे माहीत नव्हतं आणि त्यावरून त्याची भरपूर टिंगल झाली होती. आता चांगलं माहीत होतं. माहीत असून तो बहिणीकडे गेला.

बहिणीकडेच का? तर तिच्या हातासारखा हात त्याला दुसरा ठाऊक नव्हता. आई तापाने गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि लिसबेत पंधराची. त्या हाताने त्याला राय धान्याची भाकर कुस्करून भरवली होती. गोठ्याच्या दारावर त्याने कोळशाने गाय काढली तेव्हा बापाने काठी उचलली, ती त्याच हाताने धरली होती. पुढे तिचं लग्न झालं, नवरा नदीचा बांध फुटला त्या हिवाळ्यात वाहून गेला, तेव्हापासून खांद्यावर कावड घालून ती दर शुक्रवारी तीन तास चालत बाजाराला येई.

"देवाचं चित्र आहे, ताई," त्याने तिला सांगितलं होतं.

ते खोटं नव्हतं. भाज्यांच्या ढिगामागे, अगदी पाठीमागे, कमानीखाली अंगठ्याएवढा येशू यायचा होता. दगड मारायला जमलेले लोक, मध्ये परपुरुषाबरोबर सापडली म्हणून पकडून आणलेली बाई, आणि खाली वाकून बोटाने मातीत लिहिणारा येशू. पुढे पाखरंवाली आणि मागे ती बाई. दोन्ही एका दमात बघितलं की शहरी माणसाला गंमत कळायची. लिसबेतने एवढंच ऐकलं की देवाच्या चित्रात आपला चेहरा येणार. आदल्या दिवशी ती पाद्र्यांकडे जाऊन पापं सांगून आली, डोक्याला चर्चला जायचं, खळ घातलेलं पांढरं फडकं बांधलं, आणि दुपारपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही.

"देव कुटं हाईत?" तिने फळ्याकडे बघत विचारलं.

योसने मागच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे येतील."

"इतकं मागं? आन् मी म्होरं?" तिचा चेहरा काळजीत पडला. "ह्ये बरं दिसतंय का रं?"

गिलिस रंगाची वाटी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला. जिन्यात त्याचं हसणं ऐकू आलं. योसही थोडा हसला. तेव्हा हसला, ह्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

चेहरा दोन शुक्रवारांत झाला. मग हात. पहिल्याच दिवशी योसच्या लक्षात आलं की हा हात त्याला बघावाच लागत नाही. थंडीने फुटलेली बोटांची पेरं, बांधाच्या फळीत सापडून काळं पडलेलं नख, मनगटावरचा भाजल्याचा डाग, सगळं आपोआप येत होतं. ताई गावच्या गप्पा मारत बसली होती. कुणाची गाय व्याली, पाद्र्यांचा गुडघा किती दुखतो, चर्चच्या घंटेला तडा गेला आहे. दोघंच असली की योसही गावचं बोले. शहरात शिकलेलं सगळं वळण तेवढ्यापुरतं गळून पडे.

"आवघडला हात," ती म्हणाली. "ह्ये मानेनं धरायचं न्हाई मला पटत. तुला पटतंय का?"

आता सांगावं, असं त्याला वाटलं. ओठावर आलं होतं. पण हात अर्धा झाला होता, आणि असा हात त्याने जन्मात काढला नव्हता. "हलू नगंस ताई," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मात्र तो मास्तरांकडे गेला. "पायाने धरलेलं दाखवलं तर?" त्याने विचारलं. "गावाकडे तसंच धरतात."

"गावाकडचे लोक चित्र विकत घेतात का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग? आणि योस, हात झकास साधलाय. हलवलास तर मी तुला परत कोबीवर बसवीन."

योसने हात हलवला नाही. एकदा विचारून पाहिलं, एवढं समाधान घेऊन तो झोपायला गेला, आणि त्याला झोपही लागली.

जून महिन्यात मोठी जत्रा भरली. व्यापाऱ्यांच्या चौकातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर चित्रं विकायला मांडली जात. मास्तरांनी नवं चित्र अगदी जिन्यासमोर लावलं. योसने गिलिसची कॉलर मागून आणली होती, तिने गळा काचत होता. एक साखरेचा व्यापारी दोन मित्रांना घेऊन आला. चित्रासमोर उभा राहिला, आधी पुढे बघितलं, मग मागे बघितलं, मग मित्राला कोपराने ढोसलं. पण नंतर तो चित्रातल्या हाताच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिला.

"हा हात कुणी काढलाय?" त्याने विचारलं.

मास्तरांनी योसला पुढे ढकललं.

"वा," व्यापारी म्हणाला. "इतका खरा हात मी अजून पाहिला नाही. नाव काय तुमचं?"

तुमचं, म्हणाला. योसचे कान तापले. कोबी नाही, योस. त्याने आपलं सबंध नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

त्याच वेळी जिन्यावर लाकडी पायताणांचा खडखडाट झाला आणि लिसबेत वर आली. तिला आज येऊ नको असं योसने दोनदा सांगितलं होतं. पण रविवारी पाद्र्यांनी चर्चमध्ये जाहीर केलं होतं की आपल्या वेस्टडोंकची एक बाई प्रभूच्या चित्रात आली आहे. सगळ्या गावाने तिला बजावून पाठवलं होतं, डोळे भरून बघून ये आणि आम्हाला सांग. टोपल्या तिने खाली शेजारच्या मासेवाल्या ट्रॉयकडे ठेवल्या होत्या. तिने भावाला पाहिलंच नाही. ती सरळ चित्रापुढे गेली, स्वतःच्या चेहऱ्याकडे ढुंकूनही न बघता मागची कमान शोधली, अंगठ्याएवढा येशू सापडला, आणि त्या भर गर्दीत गुडघे टेकून तिने छातीवर क्रूस केला.

लोक बाजूला झाले. मग व्यापाऱ्याच्या मित्राने एकदा तिच्याकडे आणि एकदा चित्राकडे पाहिलं. "अरे, ही तर हीच आहे!"

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. लिसबेत उठून परकर झटकत होती, तिच्यापुढे तो अदबीने वाकला. "काय बाई, आज पाखरं आणलीत की नाही?"

"आनलीत की, सायेब!" लिसबेत म्हणाली. "खाली हाईत. पार कवळी. आदी हात लावून बगा, मगच घ्या. माज्याकडचं पाखरू एकदा खाल्लेला मानूस दुसऱ्या कुनाकडं जातच न्हाई."

हशा पिकला. लोक दुसऱ्या चित्रांपासून इकडे सरकू लागले. इतकी गिऱ्हाइकं, इतकी खुशीत, तिने कधी पाहिली नव्हती. तीही त्यांच्याबरोबर हसली. "खोटं वाटतंय? आमच्या गावचं पाद्रीसुदिक दर आईतवारी माज्याकडंच येत्यात!"

एकाला ठसका लागला. गिलिस भिंतीला टेकून डोळे पुसत होता. योस तिथेच उभा होता, बहिणीपासून दोन हातांवर. आता तिने त्याला पाहिलं आणि तिचा सगळा चेहरा फुलला. ती बोलणार तेवढ्यात व्यापाऱ्याने, हसू आवरत, योसच्या खांद्यावर हात ठेवला.

"कमाल आहे! कुठून शोधलीत हिला? ओळखीची आहे का तुमच्या?"

"नाही," योस म्हणाला. "बाजारातून कुणाला तरी बोलावलं होतं."

हे तो चांगल्या शहरी बोलीत म्हणाला. त्याचं त्यालाच ते स्पष्ट ऐकू आलं.

लिसबेतच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच राहिलं. तिने आपल्या पायताणांकडे पाहिलं, बांधावरचा चिखल लागला होता. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाली, "व्हय सायेब. बाजारातलीच म्या. ह्यांनी येक डाव बोलावलं व्हतं." आणि ती गेली. जिना उतरताना आवाज होऊ नये म्हणून तिने पायताणं काढून हातात घेतली.

आपल्या चिखलाची भावाला लाज वाटली, एवढंच तिला तेव्हा कळलं होतं; आणि तेवढ्यापुरती त्याची लाज तिने झाकली. योसला वाटलं, धावावं. पण व्यापारी विचारत होता की असेच हात आणखी काढून मिळतील का, आणि मास्तर डोळ्यांनी खुणावत होते. योस थांबला. अर्धा तास तरी थांबला असेल. मग खाली गेला.

टोपल्या नव्हत्या. ट्रॉय माशांची खवलं काढत होती.

"गेली ती," सुरी न थांबवता ट्रॉय म्हणाली. "मला विचारत होती, पाखरं आणलीत का विचारून लोक एवढे हसले कशाला. सांगितलं मी. कुणीतरी सांगायलाच हवं होतं ना? सगळं सांगितलं. मानेचंही."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार! आधी तिला खरंच वाटेना. मग एकच विचारलं. चित्रं काढणाऱ्या माणसांना हे ठाऊक असतं का, म्हणे." ट्रॉयने आता मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "मी म्हटलं, बये, त्यांना नाही तर कुणाला?"

टोपल्या ठेवल्या होत्या त्या जागेकडे योसने पाहिलं.

"बदकं विकलीच नाहीत तिने. तशीच उचलून घेऊन गेली. एवढ्या उन्हात."

चित्र त्याच दिवशी गेलं. व्यापाऱ्याने ते जेवणघरात लावलं असं गिलिसने सांगितलं. मास्तरांनी शब्द पाळला. ह्यापुढे चित्रशाळेतले सगळे हात योसचे असं ठरलं आणि कोबीला दुसरा माणूस आला. योसने त्या महिन्यात एका कोळ्याचे हात काढले, एका नोटरीच्या बायकोचे काढले. बरे झाले. वेस्टडोंकला जायचं त्याने दोन रविवार ठरवलं आणि दोन्ही रविवार तो नदीपर्यंत जाऊन परत आला. नाव समोर उभी होती, नावाडी हाका मारत होता. गावात ती काय सांगत असेल, ह्या विचाराने त्याचे पाय उचलेनात. गाव विचारणारच, चित्र कसं होतं गं? आणि पाद्री?

शुक्रवारी बाजाराकडेही तो गेला नाही. पहिल्या आठवड्यात गेला नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. तिच्याशी बोलायचं वाक्य मात्र रोज मनात घोकत होता. चौथ्या शुक्रवारी गिलिसच्या कॉलरीशिवाय, साध्या अंगरख्यात, तो निघाला.

ती जागेवरच होती. कारंज्याच्या उजव्या हाताला, ट्रॉयच्या शेजारी. डोक्याला घरचं मळखाऊ फडकं होतं. बाजारात तिची आरोळी चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायची. आज ती आरोळी देत नव्हती. नुसती बसली होती. कुणी थांबलं की टोपलीचं झाकण उचलायची, गेलं की खाली ठेवायची.

पुढे दोन तरणे उभे होते, मखमली टोप्या घातलेले. त्यातला एक म्हणाला, "काय बाई, पाखरू कितीला?" आणि दुसरा आधीच हसायला लागला होता.

लिसबेतने भाव सांगितला. फक्त आकडा. हात लावून बघा म्हणाली नाही, कवळं आहे म्हणाली नाही. ते आणखी काही बोलले, ती त्यांच्याकडे बघत राहिली, शांतपणे, ते बोलून संपेपर्यंत. हसणाऱ्याचं हसू जरा कमी झालं. दोघं निघून गेले. घ्यायचं काहीच नव्हतं त्यांना.

ट्रॉयने योसला पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवून पाण्याची बादली उचलली.

योस पुढे झाला. घोकलेलं वाक्य होतं, मोठं होतं, त्यात मास्तर होते, अकरा वर्षं होती. त्यातलं काहीही आलं नाही.

"ताई," तो म्हणाला. "चुकलं गं माजं."

लिसबेतने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याने तिचे पाय धरले असते. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"काय देऊ, सायेब?"

"ताई, आगं मी—"

"बदकं न्हाईत इकायची, ठरल्याली हाईत. अंडी आजची हाईत." तिने दुसऱ्या टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. "किती देऊ?"

मागे एक मोलकरीण येऊन उभी राहिली होती, तिला घाई असावी. योसने डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून पुढे धरली.

"बारा," तो म्हणाला.

तिने थोडा पेंढा घेऊन टोपीच्या तळाशी पसरला. मग एकेक अंडं उचलून उजेडाकडे धरून बघितलं, शहरातल्या अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवतात तसं, आणि एकेक करून ठेवलं. त्याच्या बोटांना तिची बोटं लागणार नाहीत इतकं सांभाळून ठेवलं. एक अंडं तिला बरं वाटलं नाही, ते तिने बाजूला ठेवून दुसरं दिलं.

"जपून न्या, सायेब," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्याआडून त्या मोलकरणीला विचारलं, "तुला काय पायजे गं, पोरी?"